साडूभाऊंच्या हातचं मीठ

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. आता डोळ्यांचं ऑपरेशनही झालं, सबब उरली नाही. तर सांगतो: उभ्या खानदेशात स्वतःचं असं एकही मत नसलेला, आणि तरी सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे माझे साडू.

भडगावजवळच्या खेड्यात त्यांची शेती. चार माणसं जमून जे करतील, ते साडूभाऊ दुप्पट जोमानं करत. एकदा पंपाचा वायसर आणायला धुळ्याला गेले आणि वाटेत दिसलेल्या मोर्चात शिरले. संध्याकाळी बसलेला घसा घेऊन, वायसर न घेताच परतले. मागणी काय होती, असं विचारलं तर म्हणाले, ते विचारायचं राहिलं, पण रास्त असणार, लोक फार चिडलेले होते. जळगावला माझ्या पुतणीच्या लग्नाला आले ते शेजारच्याच मांडवात शिरले, आणि तिथल्या पाठवणीला इतके रडले की मुलीचा बाप स्वतःचं रडणं थांबवून त्यांना पाणी पाजत बसला. हे पाहुणे कुणाकडचे, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही. आम्ही हसायचो. माझी बायको मात्र म्हणायची, "दाजी कुणाला एकटं रडू देत नाहीत, एवढंच."

मत नव्हतं असं म्हणालो, पण एका बाबतीत होतं. भरीत. थंडीत त्यांच्या शेतात भरिताची पार्टी व्हायची. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची, लाकडी बडगीतच कुटायची, आणि मीठ फक्त त्यांनीच टाकायचं. तीस माणसांचं भरीत, पण चाखून बघत नसत. "जीभ फसस, हात नही फसस," म्हणायचे.

नव्वदच्या आसपास मी ऑफिसची मंडळी तिथे नेली. साडूभाऊ केळीची पानं आणायला गेले होते. आपल्यालाही यातलं कळतं हे साहेबांना दिसावं म्हणून मी मूठभर मीठ घेतलं आणि भरितात टाकलं. त्यांनी ते आधीच टाकलेलं होतं.

पहिल्या घासाला साहेब थबकले. म्हणाले, "समुद्र भडगावपर्यंत आला वाटतं." सगळे हसले. एकट्या साहेबांसमोर मी कदाचित खरं बोललो असतो. तीस जणांच्या हसण्यासमोर जमलं नाही. उलट सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. रिवाजाप्रमाणे साडूभाऊही हसले.

पुढच्या हिवाळ्यात मीठ टाकायची वेळ आली, तेव्हा त्यांनी डबा दुसऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः वांगी सोलत बसले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही तेच. मग मात्र मला राहवेना. खरं सांगायचंच असं ठरवून मी एसटीनं भडगाव गाठलं. ओट्यावर टेकलो, तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"तुमना सायेबसमोर तुमले खाले देखनं पडनं," ते म्हणाले. "मन्हाच हात सुटना व्हई, भाऊ. इतला लोके काय खोटं बोलतीन?"

त्यांचे डोळे भरले होते, आणि या वेळी तिथे रडणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या साडूभाऊ, होतं असं कधी कधी." म्हणजे मी त्यांना माफ केलं. ते सुटल्यासारखे हसले आणि आत चहा सांगितला.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. दर भेटीत मी तोंड उघडायचो, आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचो.