लख्ख केलेला दगड

निवृत्त झाल्यावर मी साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या नागरिक मंडळात गेले आणि वर्षभरात सचिवही झाले, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. मंडळाचं काम साधं. दर रविवारी सकाळी एखादा जुना हौद किंवा बारव निवडायची, झुडपं काढायची, कचरा उचलायचा आणि शेवटी चहा प्यायचा. निम्मे सभासद माजी सैनिक. त्यांचे म्होरके एक सुभेदार, वय सत्तरीच्या पुढचं. शाळेत मी आयुष्यभर पोरांवर ओरडले, पण या माणसाला एकही गोष्ट कधी दोनदा सांगावी लागली नाही.

पेठेतल्या हौदावर एक शिलालेख होता. वरची ओळ उघडी, खालच्या तीन शेवाळाखाली. वरच्या ओळीचा फोटो मी पुण्याच्या एका अभ्यासकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "बाई, खाली हौद बांधणाऱ्या गवंड्याचं नाव असावं. असं नाव क्वचित सापडतं. रविवारी कागदावर अक्षरांचा ठसा घ्यायला येतो. तोवर दगडाला कुणाला हात लावू देऊ नका."

मी हुरळले. शुक्रवारच्या बैठकीत ऐटीत सांगितलं, "रविवारी पुण्याहून मोठे साहेब येताहेत. हौद लख्ख दिसला पाहिजे." दगडाचं सांगायचं राहिलंच. शनिवारी भाचीच्या साखरपुड्याला पलूसला जायचं होतं, माझं निम्मं डोकं साडीत होतं.

पलटणीत साहेब येणार म्हटलं की झाडाच्या बुंध्यालाही गेरू-चुना लागतो, हे साताऱ्यात जन्म काढून मला कळू नये?

रविवारी सकाळी अभ्यासकांना घेऊन हौदावर गेले. हौदाला खाली गेरू, वर चुना, कड दोरी लावल्यासारखी सरळ. आणि मधोमध तो दगड, काळाभोर, गुळगुळीत, स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा चकचकीत. सुभेदारांनी एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून ग्राइंडर आणून दिवसभर तो घासला होता. मी दगडावरून हात फिरवला. एक अक्षर बोटाला लागेना. इतकी वर्षं ऊनपाऊस सोसून राहिलेलं एका माणसाचं नाव आम्ही, ते जपायला निघालेल्या लोकांनी, एका दिवसात पुसलं होतं.

सुभेदार कडक इस्त्रीच्या शर्टात उभे होते. "लय घाण व्हती बाई," ते खुशीत म्हणाले. "खड्डंबी पडलं व्हतं दगडाला. समदं सपाट केलं."

अभ्यासकांनी पिशवीतून काढलेला कागद पुन्हा पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मी हात लावू नका म्हणालो होतो. हे कुणी सांगितलं करायला?"

सुभेदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघूनच त्यांना सगळं उमगलं असावं. ते पुढे झाले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"कुनी न्हाई, सायेब. माझ्याच डोक्यानं केलं."

मी तोंड उघडलं. नंतर मिटलं. खरंच मिटलं. अभ्यासकांनी सुभेदारांना जे ऐकवायचं ते ऐकवलं, अडाणीपणापर्यंत गेले, आणि मी शेजारी उभी राहून हौदातलं पाणी बघत राहिले. दगडाचा धक्का मोठा होता, पण आपण अशा आहोत हे कळल्याचा धक्का त्याहून मोठा होता. तो अजून ओसरलेला नाही.

पुढच्या रविवारी सुभेदार येणार नाहीत असं मला वाटलं होतं, थोडं बरंही वाटलं होतं. ते सगळ्यांच्या आधी आले. फावडं भिंतीला टेकवून त्यांनी खिशातून शाळकरी वही आणि पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आवं बाई," ते अगदी मायेनं म्हणाले, "आजपासनं काय करायचं ते लिवून देत जावा. आन् खाली सही करा."