आरोहीचं जावळ

धनश्रीचं माहेर तेलगावचं. घरी ऊस, कापूस, दारात दोन म्हशी आणि धाकटा भाऊ परमेश्वर. बारावी झाली तेव्हा तलवाड्याजवळच्या वस्तीवरून मुंजाजीआबा आपल्या फौजी पोरासाठी तिला बघायला आले. पोराचं नाव अंगद. पाहण्याच्या कार्यक्रमात तो दोनच वाक्यं बोलला. एक बसल्या बसल्या, "पाणी मिळंल का?" आणि दुसरं निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता, "मला सुट्टी कमी आसती, ते आदीच सांगितलेलं बरं."

धनश्रीला ते दुसरं वाक्य आवडलं. बाकीच्या स्थळांनी नुसतं कौतुकच सांगितलं होतं.

लग्नानंतर अकरा महिने ती झाशीला क्वार्टरमध्ये राहिली. तिथे ती हिंदी शिकली, सायकल शिकली, शेजारच्या पंजाबी बाईकडून राजमा शिकली. आणि पोटात आरोही असतानाच अंगदच्या युनिटला सीमेवर जायचा हुकूम आला. बायकापोरांना तिकडे नेता येत नव्हतं. धनश्री दोन पेट्या, एक कुकर आणि सायकल घेऊन सासरी वस्तीवर आली.

वस्तीवर साठ मेंढरं होती, अकरा शेळ्या होत्या, आणि सासू कडूबाई होत्या. मुंजाजीआबांनी जन्मभर मेंढरांमागे पायपीट केली होती. आता गुडघे दुखत म्हणून लांब जात नसत, वस्तीच्या आसपासच चारत. धनश्री हळूहळू त्या घराला लागली. मेंढरांच्या औषधाच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर तिलाच वाचता यायचं. जंताचं औषध कुणाला किती पाजायचं, लस कधी टोचायची, हे आबा तिला विचारू लागले. "आमची डॉक्टरीन हाय ती," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बारावीनंतर तिला नर्सिंग करायचं होतं, ते राहिलं ते राहिलं. पण असं कुणी म्हटलं की तिला आतून बरं वाटायचं.

आरोही जन्मली ज्येष्ठात. डोकं भरून काळंभोर जावळ घेऊन आली. अंगदने फोनवरच सांगितलं, "मी आल्याबिगर जावळ काढायचं न्हाई."

पहिल्या वर्षी युनिट हललं आणि त्याची सुट्टी पुढे गेली. जेव्हा तो आला तेव्हा आरोहीला दुसरं वर्ष लागलेलं, आणि समाच्या वर्षात जावळ काढायचं नसतं असं कडूबाईंनी ठणकावलं. वीस दिवस राहून तो परत गेला. मग तिसरं वर्ष आलं. आता मात्र ज्येष्ठात चौथं लागायच्या आत व्हायलाच हवं होतं. पोरीचे केस खांद्याखाली आलेले, उन्हाळ्यात मानेवर घामोळ्या, विंचरायला घेतलं की वस्ती दणाणून जायची. दर वेळी धनश्री समजूत घाले, "थोडे दिवस थांब. पप्पा आले की जावळ काढू. मग डोकं गारगार!"

वैशाखातली तारीख ठरली. अंगदची सुट्टी मंजूर झाली. बिरोबाच्या ठाण्यापुढे मांडव, दोन बोकडं, चारशे माणसांचं जेवण. परमेश्वरने भाचीला चांदीचे वाळे आणि हिरवा परकर घेतला. मांजरसुंब्याचा एक आचारी ठरला, तो काळ्या मसाल्याचं मटण असं करायचा की लोक आमंत्रण नसलं तरी येत. गावोगाव निरोप गेले.

आणि चार दिवस आधी अंगदचा फोन आला. वारा कानात घोंघावत होता.

"सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्यात. आज वर चौकीवर चाललोय. मोबाईल खालीच जमा करावा लागतो. आठदहा दिवस काही कळणार न्हाई."

"बरं," धनश्री म्हणाली. "जेवलात का?"

"जेवलो. धनश्री, जावळ थांबवू नका. माणसं बोलावलीत. करून घ्या."

फोन बंद झाला. ती गोठ्यात जाऊन उगाचच शेळ्यांपुढचा पाला सारखा करत बसली. कडूबाई दारात आल्या, सुनेकडे पाहिलं, आणि शेजारी बसून त्याही पाला सारखा करू लागल्या. मग म्हणाल्या, "मी बी अंगदला सात वर्सं बाप दाखवला न्हाई धड. तवा ह्यांचं मेंढरामागं फिरणं आसायचं. दिवाळीला गेलेलं मानूस, पावसाळ्यात यायचं. पोरगं वळखायचं न्हाई. ह्यांच्या पागोट्याला भिऊन माझ्या पदरात शिरायचं." हे सांगता सांगता त्यांनाच हसू आलं आणि धनश्रीही हसली.

पण आरोहीला काय सांगायचं? धनश्रीने काहीच सांगितलं नाही. पोरगी रोज विचारे, "पप्पा कधी?" आणि आई रोज म्हणे, "येतील."

जावळाचा दिवस उजाडला. सकाळपासून टेम्पो, जीपा, मोटारसायकली येऊ लागल्या. मांडवात भोंगा सुरू. आचाऱ्याच्या चुलाणावरून असा वास सुटला की बिरोबाच्या ठाण्यावरची कुत्रीसुद्धा भांडायची थांबली. परमेश्वर पांढरा शर्ट, डोक्याला फेटा अशा थाटात पाटावर बसला आणि त्याने भाचीला मांडीवर घेतलं. समोर बिभीषण न्हावी. त्याने नवा टॉवेल पसरला, कात्री काढली, आणि एवढ्या माणसांत आपला हात चांगला दिसावा म्हणून ती दोनदा हवेत कचकच वाजवली.

आरोहीने भोकाड पसरलं.

"पप्पा आल्यावर! पप्पा आल्यावर काढायचं!"

परमेश्वरने खुळखुळा वाजवला. कुणी पेढा दिला. एका मावशीने मोर दाखवला, जो तिथे नव्हताच. बिभीषणने अंगठा तुटल्याची गंमत करून दाखवली, तर पोरगी आणखी मोठ्याने रडू लागली. दोन्ही हातांनी डोकं धरून तिने मामाच्या मांडीवर अशी काही लाथ झाडली की फेटा उलगडून गळ्यात आला.

"आगं कावून रडायलीस? पप्पा यायलेत ना आता," मागून कुणी तरी म्हणालं. "त्या डोंगराच्या पल्याड आलेत बघ!"

पोरगी एकदम गप्प झाली. मान उंच करून डोंगराकडे बघू लागली.

ते धनश्रीला बघवलं नाही. ती पुढे झाली आणि पोरीपुढे खाली बसली. चारशे माणसं आहेत हे ती विसरली.

"बाळा, इकडं बघ. पप्पा येत न्हाईत आज. मी तुला खोटंच सांगत होते. त्यांना यायचं होतं, लई यायचं होतं. पण त्यांना सोडलं न्हाई. ते लांब डोंगरावर राखण करतेत."

भोंगा कुणी तरी बंद केला. कडूबाईंनी पदर तोंडाला लावला. आरोहीने आईकडे नीट बघून घेतलं. रडायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं.

"मेंढरं राखतेत?" तिने विचारलं.

"न्हाई गं. आपल्याला राखतेत."

यावर तिने जरा विचार केला. मग गर्दीत बोट केलं.

"मग आबा कातरतील."

मुंजाजीआबा पाहुण्यांना पाणी देत होते. हातातला तांब्या तसाच राहिला. "मी?"

"आबाच. मोठ्या कातरीनं. कोकराला कातरलं तसं."

चैत्रात आबांनी मेंढरं कातरली, तेव्हा ही पोरगी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून होती. लोकर निघाली की कोकरू उड्या मारत पळायचं आणि ही टाळ्या वाजवायची. धनश्रीच्या ते ध्यानातच नव्हतं. आणि आता काय झालं, तर आरोही मामाच्या मांडीवरून सरकली, पाटाशेजारच्या घोंगडीवर आडवी झाली, कुशीवर वळली, हातपाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटून म्हणाली, "मामा, पाय धर."

मांडवात जो हशा उसळला! माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. परमेश्वरने गळ्यातला फेटा फेकला आणि खरोखरच भाचीचे पाय धरले. मामाच्या मांडीचा मान राहावा म्हणून तिचं डोकं तेवढं मांडीवर घेतलं.

बिभीषण जरा हिरमुसला. "आबा, आवो मेंढराची कातर लेकराला..."

"पन्नास वर्सं झाली रे. एका मेंढराला खरचटू दिलं न्हाई," आबा म्हणाले. पण पुढे काही होईनात. वस्तीवरून कुणी तरी त्यांची कातर आणली, ती धनश्रीने स्वतः गरम पाण्याने धुतली, पुसली, आणि त्यांच्या हातात दिली. "कापा आबा," ती म्हणाली. "डॉक्टरीन सांगायलीय."

आबांनी पहिली बट धरली. कच्च. जावळ खाली पडू नये म्हणून कडूबाईंनी ओंजळीत पिठाचा गोळा धरला होता, त्यात ती पडली. मग दुसरी, तिसरी. मेंढराला कातरताना ते तोंडाने जसा 'च्यक् च्यक्' आवाज करत, तसाच नकळत करू लागले, आणि आरोही मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "ब्यां."

नंतर बिभीषणने आपल्या मशीनने डोकं सारखं केलं. त्याचा मान त्याला मिळाला. तोवर पोरगी पेढा खाण्यात गुंतली होती. डोकं झाल्याबरोबर ती उठली, तुळतुळीत टाळूवरून हात फिरवला, "गार लागलं!" म्हणून ओरडली आणि सगळ्या मांडवातून उड्या मारत पळत सुटली. चांदीचे वाळे छुमछुम वाजत होते. पुढच्या पंगतीला वाढायचं सोडून माणसं तिच्याकडेच बघत होती.

परमेश्वरच्या मित्राने सगळं मोबाईलवर घेतलं होतं. धनश्रीने तो व्हिडिओ अंगदला पाठवला. पाठवल्याची एकच खूण उमटली, पोचल्याची दुसरी नाही. नऊ दिवस एकच राहिली. धनश्री दिवसातून पाच वेळा बघे आणि फोन फडताळात ठेवून देई.

दहाव्या दिवशी सकाळी ती शेळीची धार काढत असताना फोन वाजला.

"धनश्री!" अंगद हसत होता की रडत होता कळेना. "आगं काय केलंत तुमी! आख्ख्या कंपनीनं बघितलंय. केरळाचा एक पोरगा हाय, त्याला मराठीचा एक शब्द येत न्हाई, तो सकाळपासून मला बघून ब्यां करायलाय."

"आणि साहेब?"

"सुभेदारसाहेबांनी दोनदा बघितलं. मग म्हणले, तेरे बापू को यहाँ बुला ले, जवानों की कटिंग करेंगे."

हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं आणि त्या दिवशी मेंढरं घेऊन जरा लांबच गेले, जिथे चार माणसं भेटतील.

सुट्ट्या पुन्हा सुरू झाल्या त्या आषाढात. अंगद आला तेव्हा दुपार होती. गेवराईहून जीपने आला, फाट्यावरून वस्तीपर्यंत चालत. आरोही अंगणात होती. डोक्यावर बोटभर केस आलेले, गुडघ्याला चिखल. धनश्री दारातच थांबली. तिला धाकधूक होती. मागल्या खेपेला पोरगी दोन दिवस त्याच्याजवळ गेली नव्हती.

अंगदने पिशवी खाली ठेवली आणि लांबच उकिडवा बसला. हाक मारली नाही.

आरोहीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सोडलं का तुमाला?" तिने विचारलं.

"सोडलं," अंगद म्हणाला.

"किती दिवस?"

"तीस."

तीस म्हणजे किती हे तिला माहीत नव्हतं, पण तो आकडा तिला पुरेसा मोठा वाटला असावा. ती पुढे आली, त्याचं एक बोट धरलं आणि ओढू लागली. "चला, मेंढरांना पाणी पाजायचंय." तो बूटसुद्धा न काढता तिच्यामागे निघाला. मेंढरांच्या वाड्याच्या फाटकाशी जाऊन तिने एकेका मेंढराला मोठ्याने सांगायला सुरुवात केली, "हे माझे पप्पा हायेत. चावू नका. हे माझे पप्पा हायेत."

धनश्री तव्यावर भाकरी टाकून बाहेर आली होती. तिथूनच ती बघत राहिली. घरातून करपल्याचा वास आला. ती वळणार तोच कडूबाई आतून म्हणाल्या, "राहू दे गं. भाकरी मी बघते. जा तू."

धनश्रीने हातावरचं पीठ झटकलं आणि वाड्याकडे निघाली. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण चालत नाही, पळतोय.