कमानीत राहिलेली पाचर

कुजबूज अशी होती, की गवंडीबुवांनी बोगद्यापाशी बाई ठेवलीय. पन्नाशीचा माणूस रोज दुपारी जेवणावरून उठतो, टोपी सारखी करतो, तिकडे सटकतो आणि गाडी गेली की तोंड पाडून परततो. आता यात बाई नाही तर काय मारुती आहे?

बोगदा नवाकोरा. लोक अंधारात शिरायला बिचकायचे, म्हणून रेल्वेच्या साहेबाने त्याच्या तोंडाला चक्क किल्ल्याचा दरवाजा बांधवला. दोन्ही अंगांना बुरुज, मधे घडीव दगडांची कमान. "आत राजा नाही, खजिना नाही, आणि दाराचा थाट बघा!" असं म्हणत लोक हसायचे, पण गाडीत बसायचे. ती कमान गवंडीबुवांच्या हातची.

त्यांच्या बायकोला मात्र घास गोड लागेना. त्यात शेजारची शिंपीणकाकू डिवचायची, "वहिनी, टोपी आता तीच निवडून देते वाटतं!"

"जगाला टाके घालता ना काकू, एक आपल्या तोंडालाही घाला," असं वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण त्याच दुपारी नवऱ्याच्या मागोमाग निघाल्या.

गवंडीबुवा रुळांशेजारच्या उतारावर एकटेच बसले होते, नजर कमानीवर. गाडी आत शिरली तसे त्यांनी डोळे गच्च मिटले.

"कुठंय ती बाई?"

ते दचकले. "कसली बाई? अगं, इथं माझ्या गळ्याला फास लागलाय!"

मग सगळं बाहेर पडलं. कमानीचे दगड बसवताना सांध्यांत लाकडी पाचरी ठोकतात आणि चुना भरण्याआधी त्या काढून घेतात. उद्घाटनाची निशाणं लागलेली, साहेब खाली उभा राहून घाई करतोय, अशा धांदलीत एक पाचर आतच राहिली आणि वरून चुना लिंपला गेला.

"लाकूड कुजलं की दगड ढिला होणार. सुटला तर थेट गाडीवर."

"मग साहेबांना सांगा की!"

"सांगू? पुढच्या बोगद्याचं तोंड मलाच देणार आहेत. सांगितलं की काम गेलं, नाव गेलं."

वहिनी बोलणार तोच परतीची गाडी बोगद्यातून बाहेर आली. कमानीखालून जाताना एका खिडकीतल्या बाईने कडेवरच्या पोराचा हात धरून दोघांना टाटा केला. वहिनींनी पदर खोचला.

"उठा. मी येते बरोबर."

कचेरीच्या पायऱ्या चढून गवंडीबुवांनी टोपी सारखी केली आणि सगळं सांगून टाकलं. साहेबाने ऐकून घेतलं, मग तोंडाला येईल ते बोलला आणि गाड्या थांबवल्या. पाचर निघाली, दगड पक्का झाला. पुढचा बोगदा दुसऱ्याच गवंड्याला मिळाला.

गवंडीबुवा दुपारी घरीच दिसू लागले, तशी शिंपीणकाकू म्हणाली, "सोडलंन वाटतं तिनं!"

बाई कधी नव्हतीच. दगड सरकला का, एवढंच बघायला ते रोज जात होते.