खड्ड्यात उतरलेले महापौर

हॅनोव्हरच्या आमच्या ऑफिसात मातीची पाहणी करणाऱ्या एक बाई आहेत. साठीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. जमिनीत ठोकलेल्या सळईबरोबर माती वर आली की तिला जर्मनमध्ये "मॉर्गन!", म्हणजे सुप्रभात, म्हणतात आणि चिमूटभर चक्क दातांखाली धरतात. करकरली तर गाळाची, लोण्यासारखी पसरली तर चिकण. एकदा मलाही चाखायला लावली.

"कशी आहे?"

"भाकरीत खडा आल्यासारखी," मी म्हणालो. त्या खो-खो हसल्या.

गेल्या वर्षी जवळच्या एका छोट्या शहराला गव्हाच्या शेतावर घरं बांधायची होती. बाईंनी तिथे छातीइतका खड्डा खणून घेतला. तळापर्यंत काळीभोर माती! पाहायला आलेले महापौर चकचकीत बूट सांभाळत काठावरच थांबले.

"मी रिपोर्ट वाचेन ना!"

"आल्झो, तर मग आधी खाली या," म्हणत बाईंनी हात पुढे केला. महापौर कुरकुरत उतरले. बाईंनी त्यांच्या हातात एक ढेकूळ ठेवलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "ही तयार व्हायला हजारो वर्षं लागली. वर घरं झाली, की संपली."

महापौर ते ढेकूळ बोटांनी चुरत राहिले.

महिन्याभराने नवा नकाशा आला. घरं रेल्वेलगतच्या मुरमाड उतारावर सरकली होती. बाई दुसऱ्या एका शेतात माती तपासत होत्या; मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. एरवी लांबूनच मान हलवणाऱ्या बाईंनी मला घट्ट मिठी मारली. परतताना ट्राममध्ये एका आजींनी माझ्या जॅकेटच्या पाठीवर उमटलेले मातीचे दोन काळे पंजे दाखवले.

"राहू द्या," मी म्हणालो.