दादाच्या चेहऱ्यावरची माशी

तिरल्याहून येताना दादा स्कूटरवरून पडला आणि मानेखालचं त्याचं सगळं अंग लुळं झालं. धारच्या एका शाळेत तो जीवशास्त्र शिकवायचा. लग्न केलेलं नव्हतं. मी देवासचं घर मुला-सुनेवर सोपवून त्याच्याकडे राहायला आले.

दुखण्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. त्याला रडवलं ते माशीनं. मी स्वयंपाकघरातून आले तर एक माशी त्याच्या ओठावरून नाकाकडे फिरत होती. फुंकर मारून मारून तो दमला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पंचा उगारला.

"थांब, आता बसलीच आहे तर बघून घे," तो म्हणाला. "राखाडी पाठीवर चार काळ्या रेघा आहेत? डोळे तांबूस?"

"आहेत."

"मग घरमाशीच. ही चावत नाही. पायांनी चव घेते. सध्या माझी घेतेय."

तो स्वतःच हसला. मला हसता आलं नाही.

शेजारच्यांच्या म्हशींचा उकिरडा आमच्या खिडकीखालीच होता. माशा तिथल्याच, ओल्या शेणात अंडी घालतात, असं दादानं सांगितलं. मी शेजाऱ्याकडे गेले.

"भिया, उकिरडा जरा लांब नेता का? दादाला हात हलवता येत नाही."

"पहले क्यों नहीं बोलीं, जीजी?" त्यानं त्याच दिवशी सगळं शेण शेतावर नेलं.

माशा खूप कमी झाल्या. तरी एखादी यायचीच. मच्छरदाणीत दादाचा जीव कोंडायचा, म्हणून मी पंचा घेऊन उशाशी बसायची.

श्रावणात त्याच्या छातीत कफ भरला. बोलणं बंद झालं. एका दुपारी माशी त्याच्या पापणीवर बसली. मी उडवली, ती पुन्हा बसली. त्यानं डोळा मिटला नाही. मी पंचा हलवतच राहिले. शेजारी चौकशीला आला होता, त्यानं माझं मनगट धरलं.

"जीजी, अब रहने दो."

तेव्हा कुठे मी दादाच्या छातीकडे पाहिलं.

तेराव्यानंतर मुलगा न्यायला आला. देवासला पोहोचल्यावर सुनेनं चहा पुढे ठेवला. "मामांचे फार हाल झाले का हो, आई?" तिनं विचारलं. शेजारी किती चांगला होता, तेवढं मी सांगितलं. बाकीचं सांगवेना.