बातम्या देणाऱ्याचा घसा

पनवेलजवळ गव्हाणला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्या मावशींच्या सासऱ्यांनी, म्हणजे आजोबांनी, एकदा जेवण सोडलं होतं. कारण, बातम्या देणारा माणूस आजारी पडला. तो ठणठणीत असणार. बिघडला होता आमचा रेडिओ.

मी हिंगोलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. इकडे कंटेनर यार्डात कामाला लागलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. मावशींनी खोली दिली, तापात पडलो तर औषधपाणीही केलं. म्हणून त्यांच्या घरात नुसतं भांडं पडलं तरी मला वाटायचं, आता आपल्याला जा म्हणतील.

रेडिओच्या लाकडी खोक्याला वाळवी लागली होती. मावशींनी पुसायला उचललं, तर खोक्याचा भुगा झाला. आतलं मशीन आणि स्पीकर तेवढे वाचले. मी स्पीकर तसाच उघडा टेबलावर ठेवला. लागला, पण डास बोलल्यासारखा.

आजोबा रोज सकाळी बातम्यांशी वाद घालायचे. त्या दिवशी ऐकत राहिले आणि पुढ्यातलं ताट सारलं. "याला बरा नाय. उपाशी हाय ह्यो. मी कसा जेवू?"

"मामा, तो तिकडं मुंबईत बसतो," मावशी म्हणाल्या.

"मंग काय झाला? पेज दे त्याला."

मावशींनी खरंच स्पीकरपुढे पेजेची वाटी ठेवली. अन्न टाकायचं कसं, म्हणून ती मी प्यायलो. रिकामी वाटी बघून आजोबा म्हणाले, "पितोय. जगंल." स्वतः मात्र चहावरच.

मी स्पीकर तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. डबा आवाजाबरोबर थरथरायला लागला. "टाकीत पडलाय, काढा त्याला," आजोबा म्हणाले. मग माठात ठेवला. आवाज जाड झाला, पण नुसताच घुमला, शब्द कळेनात. "आता छातीत कफ." त्यावर आल्याचा काढा आला. तोही मीच प्यायलो.

मावशींनी मला दाराआड गाठलं. "शुगरची गोली उपाशीपोटी कशी देऊ रं त्यांना? कायतरी कर."

पनवेलच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक जण भेटला. त्याला सगळं सांगितलं, काढ्यासकट. तो हसला नाही. म्हणाला, "भाऊ, स्पीकर पुढून हवा ढकलतो तेव्हा मागून ओढतो. उघडा ठेवला की दोन्ही कडेला भेटतात आणि जाड आवाज तिथेच मरतो. मध्ये फळी घाला. पत्रा नको, तो स्वतःच वाजतो. जाड, जड लाकूड बघा."

घरात तसं लाकूड एकच होतं. आजोबांचा जेवायला बसायचा सागवानी पाट. मावशी म्हणाल्या, "सध्या बसतंय कोन त्याच्यावर. काप." मी त्याला गोल भोक पाडलं. एक डोळा दाराकडे होता, म्हणून भोकाचं वांगं झालं. सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून फट बुजवली, स्पीकर आवळला आणि पाट कोपऱ्यात उभा केला.

सकाळी बातम्या लागल्या. आवाज भरदार, समोर बसून बोलल्यासारखा. पण बाईचा. त्या दिवशी नेमकी दुसरीच कुणीतरी बातम्या देत होती. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली.

आजोबांनी डोळे मिटून सगळ्या बातम्या ऐकल्या. वाद घातला नाही.

"बायको आली त्याची," ते म्हणाले. "तो निजला असंल."

"मंग?" मावशींनी हळूच विचारलं.

"मंग काय? आवाज बघ, कसा पोटातून येतोय. घरात चूल पेटल्याबिगर असा आवाज नाय येत. त्याला वाढूनच निघाली असंल ती. मना पन वाढ."

मावशी ताट घेऊन आल्या आणि मध्येच थबकल्या. बसायला काही नव्हतं. आजोबांनी कोपऱ्यातल्या पाटाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. मी स्पीकर सोडवायला उठलो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पावनी हाय. पाट तिलाच."

आणि जमिनीवर मांडी घालून त्यांनी पहिला घास घेतला.