तात्पुरती मासेवाली

पडद्यावर एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालत आली. पाटीतून वासाचा हिरवा धूर निघाला. तो लागला की खेळणाऱ्याचा जीव कमी होत होता. ऑफिसातले सगळे खदाखदा हसले. एकाने नाक दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

ती चाल माझ्या आईची होती.

रत्नागिरीतल्या एका छोट्या गेम कंपनीत मी अॅनिमेटर आहे. पात्रांना चालायला, वळायला, पडायला लावणं हे माझं काम. आमचा गेम कोकणच्या किनाऱ्यावरचा. त्यात मासेवाली हवी होती. माझी आई मासे विकते, म्हणून तिलाच मांडवीच्या रस्त्यावर चालायला लावलं आणि मोबाइलवर टिपलं.

'कशाला हवी गो माझी चाल?' तिने विचारलं.

गेममध्ये घालायची म्हटल्यावर लाजली. पदर नीट केला आणि परत चालून दाखवलं. त्या चालीवर मी जीव ओतून काम केलं. धूर नंतर निनादसरांनी घातला, मला न विचारता.

निनादसर कंपनीचे मालक. घरची आंब्याची बाग, शिक्षण पुण्याचं. त्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी गेले. शाळेत माझ्या शेजारून उठून जाणारी पोरं डोळ्यांसमोर होती.

'सर, तो धूर काढा.'

'अगं, प्लेसहोल्डर आहे तो. तात्पुरता. नंतर बदलू.'

नंतर. या धंद्यात हा शब्द फार स्वस्त आहे. तात्पुरती झाडं, तात्पुरते आवाज, घाईत घुसडलेलं काहीही. कोण बदलणार, कधी बदलणार, कोणी ठरवत नाही. पण झाडं बदलली. माडाच्या झावळ्या नीट हलत नव्हत्या म्हणून परत केल्या. हापूसचा रंग पसंत पडेपर्यंत बदलला. त्याच गेममध्ये बागायतदार भेटला की खेळणाऱ्याचा जीव वाढतो. माझी आई मात्र धुरातच राहिली. मग एका मीटिंगमध्ये निनादसरांनी सांगून टाकलं, गेम पक्का झाला, आता बदल नाहीत.

मी उभी राहिले.

'मासेवाली अशी जाणार नाही.'

'एवढं मनाला लावून घेऊ नकोस. गंमत आहे ती,' निनादसर म्हणाले. 'तुला जमत नसेल तर दुसरं कोणी करेल तिचं काम.'

'करू दे. त्याला स्वतःच्या आईला चालवायला सांगा.'

या वेळी कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनेही बोललं नाही. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये घुसले.

नोकरी मी सोडलेली नाही. आईची चाल त्यांच्या ताब्यात ठेवून मी का जाऊ? कामांच्या बोर्डावर सगळ्यात वर मी लिहिलंय, 'मासेवालीचा धूर काढणे', आणि पुढे माझं नाव. वरच्या रांगेतलं काम संपल्याशिवाय गेम बाहेर काढायचा नाही, हा नियम निनादसरांनीच केलेला. रोज सकाळी कोणीतरी ते काम खाली सरकवून ठेवतं. मी परत वर आणते. थकायचं असेल तर त्यांनी थकावं.